आमचे उद्योग : बंद फ्रीज आणि धुरातली सुरमई

मंडळी, गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या फ्रीजने राम म्हटला. जाब्रियातल्या आमच्या इमारतीचा हारिस तो भंगारात न्यायला आला आणि आमच्यातला इंजिनिअर जागा झाला. अमेरिकेत एम.एस. करताना शेजारचे आजोबा जुन्या फ्रीजमध्ये मांसाला धुरी देत, ते आठवले. जे कपाट उष्णता बाहेर ठेवते ते आतही कोंडून ठेवणारच!

"अहो, फ्रीजमध्ये विस्तव पेटवायचा हे कुठल्या विद्यापीठात शिकवतात?" इति सौ. आम्ही गोव्यातल्या, चुलीच्या धुरात टांगलेल्या चोरिसाच्या माळांचा दाखला दिला. घरमालकानेही मागच्या आवारात जागा दिली, पहिला तुकडा त्यांचा या अटीवर.

पहिले काम मेकॅनिकचे. फ्रीजची नळी आपण कापायची नाही. फार जुन्या फ्रीजमधला आर-१२ ओझोनच्या थराला मारक, तर नव्यांतला आयसोब्युटेन चक्क पेट घेतो. मेकॅनिकने गॅस काढून नेला.

दुसरा धडा प्लास्टिकचा. आजोबांचा फ्रीज आतून पोलादी होता. आमचा प्लास्टिकचा, त्यामागे पॉलियुरेथेनचा फोम. प्लास्टिक ९०-१०० अंशांना मऊ पडू लागते आणि फोम जळला तर विषारी धूर सोडतो. दोन्ही खरवडून काढले. शुवैखच्या एका वर्कशॉपमधून आत स्टेनलेस स्टीलचा पत्रा बसवून घेतला, मध्ये रॉकवूल भरले. शेगडी बाहेर, तिथून नळीने धूर खालून आत, वर झडपेचे धुरांडे. जाळ्याही नव्या, स्टेनलेसच्या; जुन्या जाळ्यांवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो.

राहिले दार. चुंबकाचे रबर या उष्णतेत टिकत नाही, म्हणून आम्ही बाहेरून झकास कडी लावली. त्याच संध्याकाळी आवारात मुलांचा लपंडाव रंगला. थोड्या वेळाने सौ.ने विचारले, "अहो, धाकटा कुठाय?" तो कपाटात होता, हसत. कडी नीट बसत नव्हती म्हणून दार बोटभर उघडे राहिले होते. सकाळभर आम्ही त्याच कडीला शिव्या देत होतो.

त्या रात्री झोप लागली नाही. पूर्वी फ्रीजच्या दारांना अशाच बाहेरच्या कड्या असत. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये मुले लपत आणि गुदमरून जात. म्हणून अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला, की फ्रीजचे दार आतून उघडता आलेच पाहिजे. आज आपण हातानेच उघडतो ते चुंबकाचे दार त्यामुळेच सर्वत्र रुळले. मुलांच्या जिवावर बेतून जी कडी गेली, ती एम.एस. झालेल्या बापाने हौसेने परत लावली होती!

सकाळी कडी उपटली. आता आतून ढकलले की उघडणारी स्प्रिंगची खिट्टी आहे आणि काम संपले की दारच बिजागरीतून काढून घरात आणतो. तुमच्याकडे नुसता बंद फ्रीज पडून असेल, तरी भंगारवाला येण्याआधी त्याचे दार काढा. पाना आमच्याकडून न्या.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सुरमई, इथली चनाद, आणली. लिटरभर पाण्यात ७० ग्रॅम मीठ घालून तुकडे दोन तास बुडवले, मग पृष्ठभाग चिकट होईपर्यंत चालू फ्रीजमध्ये उघडे सुकवले. लाकूड संत्र्याचे, खोक्यांची रंगवलेली फळकुटे मुळीच नकोत. काट्याचा थर्मामीटर माशाच्या मध्यात ६३ अंश दाखवू लागला, की त्यापुढे अर्धा तास तसेच ठेवायचे. ही धुरी चवीची, टिकवणीची नव्हे. मासा फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा.

आमचा तर रात्रीच संपला. पहिला तुकडा घरमालकांचा, दुसरा धाकट्याचा. त्याने विचारले, "बाबा, दार कुठाय?" म्हटले, "कॉटखाली."