‘रोजा आहे ना?’ विचारण्याआधी

रमजानच्या संध्याकाळी मोहल्ल्यातून जाताना एक प्रश्न हमखास कानावर येतो, ‘रोजा आहे ना?’ विचारणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. पण मधुमेह असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायची लाज वाटते. मग डॉक्टरांनी मनाई केली तरी तो रोजा धरतो आणि चक्कर आली तर घरच्यांपासून लपवतो.

माझ्या अब्बांनी हेच केले होते. त्यांचे इन्सुलिन चालू होते. असरच्या नमाजनंतर त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे तुटक झाले. इफ्तारला पाऊण तास होता. अम्मीने साखरेचे पाणी आणले, तर ओठ मिटून बसले. शेवटी शेजारच्या काकूंनी दटावले, ‘भाईजान, जीव राहिला तर पुढचे रोजे!’ तेव्हा कुठे प्यायले.

काकू जे बोलल्या, ते कुरआनला धरूनच होते. सूरह बकरामध्ये आजाऱ्याला सूट आहे. बरे झाल्यावर तेवढे रोजे पूर्ण करावेत. ज्याला ते कधीच शक्य नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे. ही सूट अल्लाहने दिलेली आहे, ती घेताना खाली मान कशाला घालायची?

१३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यात टाइप २ च्या रुग्णांमध्ये साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण रमजानमध्ये सुमारे साडेसात पट वाढलेले दिसले.

याचा अर्थ कुणीच रोजा धरू नये असा नाही. अनेकांना तो झेपतो. मात्र गोळ्या-इन्सुलिनची मात्रा आणि वेळ डॉक्टरांकडूनच बदलून घ्यावी, मनाने औषध बंद करू नये. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा तिथेच सोडावा. सहरी चुकवू नये. इफ्तारला एक-दोन खजूर पुरेत. भजी आणि सरबतावर ताव मारला की उतरलेली साखर एकदम चढते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनाही हे लागू आहे.

आणखी एक. जुन्या मधुमेहात पायाची जाणीव कमी होते. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना भाजले तरी कळत नाही. जखम चिघळली, तर पाय कापण्यापर्यंत वेळ येते. वुजू करताना आपण रोज पाच वेळा पाय धुतो. त्याच वेळी तळवे पाहावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

अब्बा आता रोजा धरत नाहीत, फिदिया देतात. इफ्तारच्या दस्तरखानावर मात्र सर्वांत आधी येऊन बसतात. त्यांना भेटलात, तर आधी तब्येत विचारा.