मृत्युपत्र हे शेतकऱ्याचेच काम आहे

मध्य प्रदेशातल्या आमच्या इच्छापुरात कुणाकडे मृत्युपत्राचा विषय काढला की ठरलेली उत्तरे येतात. "आपल्याकडे असं आहेच काय?" "पोरं एकदिलानं राहतात." "खात्याला नॉमिनी लावलाय." "त्यापेक्षा आताच नावावर करून टाकू." ही उत्तरे भली माणसे देतात, म्हणूनच ती नीट तपासली पाहिजेत. यांतले एकही तपासात टिकत नाही.

समजा, दहा एकर स्वकष्टाची केळीची जमीन असलेला माणूस मृत्युपत्र न करता गेला. मागे म्हातारी आई, बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पाच सारखे वाटे पडतात. त्यांतले दोन एकर आईचे. पुढे आईही काही न लिहिता गेली, की तिच्या वाट्यात तिची बाकीची मुलेही येतात. म्हणजे विधवेच्या बागेत दीर आणि नणंदा हिस्सेदार होतात, आणि तेही कुणाच्या मनात खोट नसताना. एकदिलाने राहणाऱ्या घरातही गुंता शिरतो तो असा, नुसते न लिहिल्यामुळे.

हा गुंता सुटेपर्यंत शेत थांबत नाही. वादळात बाग आडवी झाली, तर नुकसानीची मदत खसऱ्यावरच्या नावाने निघते. ते नाव वारलेल्या माणसाचे असले, तर आधी फौती नामांतरण उरकावे लागते. ज्यांची थोडी जमीन सरहद्दीपलीकडे मुक्ताईनगर तालुक्यात आहे, त्यांना तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी पुन्हा तोच फेरा. आणि नामांतरण झाले म्हणजे मालकी ठरली, असेही नाही. ती नोंद महसुलापुरती असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली मध्य प्रदेशातल्याच एका खटल्यात सांगितले आहे. मोठ्या बागायतदाराला हा खोळंबा एक वेळ सोसेल, दोन एकरवाल्याला सोसत नाही.

नॉमिनीचा भरवसाही पोकळ आहे. 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून वारसांत निघालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर 2023 मध्ये निकाल लागला: नॉमिनी लावला म्हणून तो मालक होत नाही, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते.

आणि जिवंतपणीच नावावर करून देणे? छतरपूरच्या एका आईने सांभाळाच्या वचनावर मुलाला मालमत्ता बक्षीस दिली होती. ती परत मिळवायला तिला सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या आधारे जानेवारी 2025 मध्ये ती तिला मिळाली. मृत्युपत्र मात्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येते, आणि तोवर जमीन तुमचीच राहते.

कोर्ट आणि कराची भीतीही निराधार आहे. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून सिद्ध करून घेण्याची, सक्ती जुन्या कायद्यात मुंबई, मद्रास आणि बंगालशी जोडलेली होती. इथल्या जमिनीला ती कधी लागलीच नाही. वारशावरचा कर, 1953 चा 'इस्टेट ड्यूटी' कायदा, 1985 साली बंद झाला. वारशाने आलेल्या मालमत्तेवर आज आयकर नाही. पुढे विकताना भांडवली नफ्याचा प्रश्न येतो, पण नगरपालिकेपासून ठरावीक अंतराबाहेरची ग्रामीण शेतजमीन त्यातूनही सुटते.

एक आक्षेप मात्र खरा आहे: मृत्युपत्राने मुलींना डावलता येते. स्वकष्टाची मिळकत आणि वडिलोपार्जितातला स्वतःचा वाटा माणूस हवा त्याला देऊ शकतो. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः दिलेला हक्क अशा वेळी कमी पडतो. पण मृत्युपत्र नसले म्हणजे मुलगी सुरक्षित असते का? तेराव्यानंतर तिच्यापुढे हक्कसोडीचा कागद येतो आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. बापानेच तिचे नाव आणि गट नंबर लिहून ठेवला असेल, तर सही मागणाऱ्याची जीभ अडते. म्हणून दोष मृत्युपत्राला देऊ नये, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे.

बायांनी तर लिहिलेच पाहिजे. एका विधवेला सासरच्यांनी लग्नानंतर काही महिन्यांतच घराबाहेर काढले. ती माहेरी शिकली, नोकरी केली, कमावले आणि मृत्युपत्र न करता गेली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाला तिची कमाई नवऱ्याच्या भाच्यांना द्यावी लागली, कारण निपुत्रिक विधवेच्या स्वकमाईवर कायदा आधी नवऱ्याचे वारस धरतो. तिने एक कागद लिहिला असता, तर ती कमाई माहेरीच राहिली असती.

कागद अवघड नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, मराठीत लिहिता येते. प्रत्येक शेताचा खसरा किंवा गट नंबर, क्षेत्र आणि कुणाला काय ते स्पष्ट लिहावे. दोन साक्षीदारांसमोर सही करून त्यांच्याही सह्या घ्याव्यात. साक्षीदार वाटेकरी नसावेत आणि वयाने आपल्याहून लहान असावेत, कारण वाद झाला तर कोर्टात त्यांनाच उभे राहावे लागते. नोंदणी सक्तीची नाही, तरी जरूर करावी. अज्ञान किंवा मतिमंद मूल मागे राहणार असेल, तर त्याच मृत्युपत्रात विश्वस्त नेमून त्याच्या वाट्याचा ट्रस्ट करता येतो.

पुढची लागवड होण्याआधी घरातल्या सगळ्यांना, लेकीसुद्धा, बोलावून बसा आणि हे लिहून टाका. आयुष्यभर कष्टाने जोडलेल्या जमिनीचा शेवटचा निर्णय दुसऱ्यावर सोडण्याचे काहीच कारण नाही.