मापात पाप आणि सात किलोंची बॅग



दिवाळी जवळ आली की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर दोन विषय हमखास निघतात. एक फराळाचं प्रमाण आणि दुसरा विमानाची बॅग. कुणी लेकीकडे बंगळुरूला निघालेली असते, कुणी मुलाकडे मेलबर्नला, तर कुणी शिखरजीच्या यात्रेसाठी रांचीपर्यंत विमानाने. मग युक्त्या सुरू होतात. "काउंटरवर जाताना जड पिशवी यांच्याकडे द्यायची आणि यांना लांब उभं करायचं." "फॉर्मवर खाण्याचं काही नाही असंच लिहायचं, कोण उघडून बघतंय?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मला मात्र यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

दशलक्षण पर्वात आपण रोज एक याप्रमाणे तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात श्रावकाची व्रतं आहेत आणि प्रत्येक व्रताचे अतिचारही सांगितले आहेत. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत दोन नावं येतात. एक विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमाला वळसा घालून व्यवहार करणं. दुसरं हीनाधिकमानोन्मान, म्हणजे मापात लबाडी. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटं लिहून देणं. आता वरच्या युक्त्या पुन्हा वाचा. तिन्ही अतिचार एकाच प्रवासात घडतात, तेही कधीकधी तीर्थाला जाताना.

आपल्यापैकी बऱ्याच जणींची माहेरं-सासरं दुकानदारीतली. "मापात पाप नको" हे वाक्य लहानपणापासून कानावर पडलेलं. गिऱ्हाइकाला पन्नास ग्रॅम साखर कमी गेली तर घरातल्या मोठ्यांना चैन पडत नसे. मग नऊ किलोंची बॅग सात किलोंची म्हणून नेताना तोच काटा कुठे जातो?

"दोन किलोंनी विमान पडतं का?" असं एक मैत्रीण म्हणाली. पडत नाही. पण हिशेब करून बघू. आपल्याकडच्या बहुतेक विमान कंपन्या साध्या वर्गात हातातल्या बॅगेला सात किलोंची मर्यादा ठेवतात, शिवाय एक पर्स किंवा लॅपटॉपची लहान बॅग चालते. उड्डाणाआधी विमानाच्या एकूण वजनाचा ताळेबंद मांडतात. त्यात प्रवाशांना एकेक करून तोलत नाहीत, हातातल्या सामानासकट माणशी सरासरी वजन धरतात. 180 आसनांच्या विमानात प्रत्येकाने दोन किलो लपवले तर 360 किलो कागदावर येतच नाहीत. डोक्यावरच्या कप्प्यांचीही क्षमता ठरलेली असते आणि तिथून निसटलेली जड बॅग खाली बसलेल्याच्या डोक्यात पडते. शिवाय जादा वजनाचे पैसे लागतात. ते न देता सामान नेणं म्हणजे न दिलेलं घेणंच की! अंगावर शाल-स्वेटर घालायला कुणाची ना नाही, ते उघड आहे. लपवणं वेगळं.

फॉर्मचं प्रकरण तर आणखी गंभीर आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला उतरताना खाद्यपदार्थ, बिया, झाडपाला जवळ आहे का, हे लिहून द्यावं लागतं. न लिहिता सापडलं तर न्यूझीलंडमध्ये जागेवर 400 डॉलर दंड होतो, ऑस्ट्रेलियात त्याहून खूप मोठा होऊ शकतो. पण दंडाची भीती हे माझं कारण नाही. एका आंब्यातली अळी किंवा बियांतली कीड तिकडच्या बागांत पसरली, तर ती मारायला एकरच्या एकर फवारणी करतात. आपण इथे कंदमूळ खात नाही, भाजी निवडताना अळी दिसली तर अलगद बाहेर सोडतो. आणि एका पिशवीपायी एवढ्या जीवांच्या घाताला निमित्त व्हायचं? "हो, खाण्याचं आहे" असं लिहिलं की अधिकारी उघडून बघतात, कोरडा आणि नीट भाजलेला-तळलेला पदार्थ बहुधा परत देतात. एखादी वस्तू काढून घेतली तरी खरं सांगितल्याबद्दल दंड होत नाही.

"मग आमच्या नियमाचं खाणं कसं न्यायचं?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तरही आहे. दशम्या, खाकरे, चकल्या, कोरडे लाडू हातातल्या बॅगेत चालतात. तूप, लोणचं, पातळ चटणी मोठ्या बॅगेत नीट बंद करून टाका. परदेशी जाताना हातातल्या बॅगेत द्रवपदार्थाचं एक भांडं 100 मिलीपर्यंतच चालतं आणि दही, तूपही त्यातच मोजतात. पेयाच्या बाटल्यांतून स्फोटकं नेऊन विमानं उडवण्याचा कट 2006 च्या ऑगस्टमध्ये लंडनला उघडकीस आला, तेव्हापासून हा नियम आला. म्हणून आपलं उकळलेलं पाणी तपासणीपलीकडे जात नाही. स्टीलची रिकामी बाटली न्या आणि आत गरम पाणी मागून घ्या. जैन जेवण तिकिटावर निदान 24 तास आधी नोंदवा. कापूर आणि काडेपेटी घरीच ठेवा, त्या आगीच्या वस्तू आहेत.

सुका नारळ तेलामुळे लवकर पेट घेतो, म्हणून हातातल्या बॅगेत चालत नाही. पण 2024 च्या शबरीमला यात्रेच्या काळात सरकारने यात्रेकरूंना नारळ विमानात जवळ ठेवायची सवलत दिली होती. मुदत 20 जानेवारी 2025 पर्यंत आणि तपासणी करूनच. म्हणजे श्रद्धेची अडचण उघडपणे समोर आली तर नियमात वाट निघू शकते. लपवाछपवीने ती कधीच निघत नाही, उलट पुढच्या प्रवाशावर संशय वाढतो.

आपली एक अडचण खरीच आहे. उकळलेलं पाणी पिणाऱ्या आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या आजींना विमान उशिरा सुटलं तर फार हाल होतात. तपासणीनंतरच्या भागात थंड पाण्याइतकं सहज उकळलेलं पाणी मिळावं, आणि काय चालतं, काय नाही, हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं, ही मागणी आपण करायला हवी. पण वजन लपवणाऱ्याच्या तोंडी मागणी शोभत नाही.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. मंडळासाठी लगेज तोलायचा एक काटा घेऊ या, प्रवासाला निघणारीने घरी नेऊन बॅग तोलावी. सात किलोंच्या वर भरलं तर आधी फराळाचा एक डबा काढावा, तो शेजारी देता येतो. आणि गरम पाण्याच्या मागणीचा अर्ज मी लिहायला घेतला आहे. रविवारी स्वाध्यायानंतर वाचून दाखवते. पटला तर सह्या करा.