पुराव्याचे ओझे आईच्या खांद्यावर का?

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसाठी घरच्या घरी करावयाचे उपचारक्रम विकले जातात, तेव्हा माहितीपत्रकाच्या शेवटी, बारीक अक्षरांत, एक वाक्य हमखास असते : परिणाम पालकांच्या सातत्यावर अवलंबून राहील. वाक्य वरवर निरुपद्रवी दिसते, पण सगळा व्यवहार त्यावरच उभा असतो. मुलाचे वाचन सुधारले तर श्रेय उपचाराचे; न सुधारले तर आईने मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायाम चुकवले होते. कोणत्याही निकालाने खोटा ठरू शकत नाही असा दावा वैज्ञानिक नसतो, हे बारावीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. तरीही असा दावा नवनव्या नावांनी बाजारात येत राहतो, आणि त्याचे हप्ते भरणाऱ्यांत अभियंते, डॉक्टर आणि प्राध्यापकही असतात.

या व्यवहाराचा सर्वांत बोलका इतिहास ब्रिटनमधला आहे. विनफर्ड डोर या उद्योजकाच्या मुलीला तीव्र डिस्लेक्सिया होता. तिच्यासाठी मार्ग शोधताना त्याने एक व्यायामक्रम उभा केला आणि त्याची केंद्रे काढली. मांडणी अशी की, वाचनातील अडचणीचे मूळ अनुमस्तिष्काच्या, म्हणजे लहान मेंदूच्या, अपुऱ्या विकासात आहे. तोल आणि हालचालींचा सराव दिला की अनुमस्तिष्क सुधारेल आणि त्यामागोमाग वाचनही. डगमगत्या फळीवर उभे राहायचे, छोटी पिशवी या हातातून त्या हातात फेकत राहायचे, एका पायावर तोल सांभाळायचा. सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे, वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ. केंद्रात अधूनमधून तपासणी, बाकी सारे घरी, पालकांच्या देखरेखीखाली. खर्च दीड-दोन हजार पौंडांच्या घरात. वेल्स आणि स्कॉटलंडच्या नामांकित रग्बी खेळाडूंनी या क्रमाची जाहीर भलामण केली.

अनुमस्तिष्काचा डिस्लेक्सियाशी काही संबंध असू शकतो, हे गृहीतक मुळात टाकाऊ नव्हते. शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी ते गांभीर्याने मांडले होते. पण ज्याचे वाचन कच्चे त्याचा तोलही कच्चा असे काही मुलांत आढळले, म्हणून तोल सुधारल्यावर वाचन सुधारेल असे ठरत नाही. ताप आणि खोकला एकत्र येतात. खोकल्याच्या गोळीने ताप उतरावा अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही.

पुरावा म्हणून २००३ साली ‘डिस्लेक्सिया’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वॉरविकशायर भागातील एका प्राथमिक शाळेतली ३५ मुले. त्यांतील बहुतेकांना डिस्लेक्सियाचे निदान झालेलेही नव्हते. चाळणी चाचणीत ती जोखमीची ठरली होती, एवढेच. निम्म्या मुलांनी सहा महिने घरी व्यायाम केले. उरलेल्यांना त्या काळात अधिकचे काहीच दिले गेले नाही : ना दुसरा व्यायाम, ना रोज वीस मिनिटे पालकांचे अविभाजित लक्ष. सहा महिन्यांनी पहिल्या गटात फरक दिसला असे गृहीत धरले, तरी तो फळीमुळे की आईबाबा रोज शेजारी बसले त्यामुळे, हे सांगण्याची सोय या रचनेत नव्हती. नंतर दुसऱ्या गटालाही व्यायाम सुरू केले गेले, त्यामुळे पुढच्या पाठपुराव्याला तुलनागटच उरला नाही. तो पाठपुरावा त्याच नियतकालिकाने छापला, तेव्हा संपादक मंडळातील काही सदस्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. ऑक्सफर्डच्या मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांनी २००७ मध्ये या पुराव्याची जी चिरफाड केली, ती संशोधनपद्धती शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. २००८ मध्ये कंपनी आर्थिकदृष्ट्या कोसळली. आगाऊ पैसे भरलेली कुटुंबे अर्ध्या वाटेवर राहिली.

त्याआधीचा इतिहासही फारसा वेगळा नाही. अमेरिकेत ग्लेन डोमन आणि कार्ल डेलाकाटो यांच्या पद्धतीत मुलाला पुन्हा रांगायला लावत, मोठी माणसे त्याचे हातपाय ठरावीक लयीत हलवत, दिवसातून अनेक वेळा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने १९६८, १९८२ आणि १९९९ अशी तीनदा या पद्धतीविरुद्ध भूमिका घेतली. कुटुंबांवर पडणारा भार इतका मोठा की त्यातून हानी संभवते, हा मुद्दाही त्यात होता. पद्धत मात्र जगभर फिरत राहिली.

आता भारताकडे वळावे. कारण इथे फसगतीला एक खास देशी आधार आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. तो आधार लिपीचा.

इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांशी ओळख पहिल्या-दुसऱ्या वर्षात होऊन जाते. देवनागरी, कन्नड, तेलुगू, बंगाली या लिप्यांत मुलासमोर चिन्हांचे मोठे कुटुंबच उभे असते : स्वर, व्यंजने, बाराखडीतील प्रत्येक व्यंजनाची रूपे, मग जोडाक्षरे, रफार, ‘ट्र’ आणि ‘ह्य’. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसले की, अक्षरज्ञान पहिलीत पुरे होत नाही. ते प्राथमिक शाळेची अनेक वर्षे चालू राहते आणि सुट्या ध्वनींची जाणीवही सावकाश येते. म्हणजे सात-आठ वर्षांचे मूल आज अडखळत वाचत असेल, तर पुढच्या वर्षभरात ते काहीसे पुढे जाणारच, उपचार असो वा नसो. त्यात पालक उपचाराला नाव नोंदवतात ते बहुधा सहामाहीचा निकाल हाती पडल्यावर, मुलाची कामगिरी तळाला असताना. तळापासूनची पुढची मोजणी थोडी वर जाण्याचीच शक्यता अधिक. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की डोळे मिचकावण्याचा क्रमही ‘गुणकारी’ ठरतो. आईने पाहिलेली सुधारणा खोटी नसते. तिचे श्रेय मात्र चुकीच्या खात्यावर जमा होते. तुलनागट लागतो तो याचसाठी. आईच्या प्रामाणिकपणावर संशय घेण्यासाठी नव्हे.

इथे विज्ञानप्रेमी मंडळींनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. असा एखादा उपचारक्रम उघडा पडला की समाजमाध्यमांवर पालकांची टिंगल सुरू होते : शिकलेसवरलेले लोक, तरी फसले. ही टिंगल आळशी आहे. पालक बाजाराकडे जातात, कारण बाजार सोडून त्यांच्यासाठी दार फारसे कोणी उघडे ठेवलेले नाही.

१९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते. अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत ती आणली. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र मिळायचे ते वयाची आठ वर्षे पूर्ण झाल्यावर. हरियाणातील मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने २०१५ मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आणला. परीक्षेत वाढीव वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, काही मंडळांत विषयाची सूट मिळते. हे सगळे आवश्यकच आहे आणि त्यासाठी अनेकांनी वर्षानुवर्षे झगडा दिला. पण वाढीव वेळ म्हणजे वाचायला शिकवणे नव्हे. निदानाचा कागद हाती देऊन व्यवस्था थांबते. ‘आता याला वाचायला कोण शिकवणार?’ या प्रश्नाला तालुक्याच्या गावी तर उत्तर नसतेच, मोठ्या शहरांतही ते महाग असते. त्या पोकळीत ‘दिवसाला वीस मिनिटे, घरच्या घरी’ असे कोणी म्हटले, तर त्याकडे न वळणारी आईच विरळा.

शिवाय भारतात आणखी एक गोंधळ आहे. असर अहवालांनुसार ग्रामीण भागात पाचवीतील जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत नाही. निम्म्या मुलांना डिस्लेक्सिया नसतो. त्यांना कोणी नीट शिकवलेले नसते. जिथे न शिकवणे आणि न शिकता येणे यांतला फरकच धूसर आहे, तिथे ‘मेंदूचा व्यायाम’ विकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

आणि हा भार उचलते कोण? कागदावर ‘पालक’ असा शब्द असतो; घरात तो बहुधा ‘आई’ असाच वाचला जातो. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या १०० मातांवर मुंबईत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बहुसंख्य मातांमध्ये चिंता आढळली, बहुतांशी सौम्य स्वरूपाची. नोकरी सोडलेली, सासरच्यांचे ‘तुझे लक्षच नाही’ ऐकलेली, शाळेच्या पालकसभेत सर्वांत मागे बसणारी ही बाई. तिच्या हातात एक वही दिली जाते : रोजचा व्यायाम झाला की खूण करायची. सहा महिन्यांनी वाचन होते तिथेच असेल, तर तपासली जाते ती वही. उपचार तपासला जात नाही.

‘व्यायामच आहे, अपाय काय?’ हा युक्तिवाद नेहमीचा. अपाय वेळेचा आहे. सहा ते नऊ ही वाचनाची पायाभरणीची वर्षे. त्यांतले एक वर्ष फळीवर तोल सांभाळण्यात गेले, तर तेवढा काळ अक्षर आणि ध्वनी यांची जोडणी मागे पडते. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी वाचनअक्षमतेवरील २२ यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले. रंगीत पारदर्शक पट्ट्या, श्रवणाचे सराव, औषधे असे अनेक मार्ग त्यात होते. सांख्यिकीदृष्ट्या ठामपणे टिकला एकच : अक्षर-ध्वनी संबंधांचे पद्धतशीर शिक्षण. डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत भिंगे यांना आधार नाही, असे अमेरिकेतील बालरोग व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्तपणे सांगितले होते. त्या २२ चाचण्यांचा पुरावा प्रामुख्याने वर्णमालाधारित लिप्यांवरचा आहे, हेही नोंदवले पाहिजे. देवनागरीसाठी कोणती पद्धत किती उपयोगी, याच्या मोठ्या चाचण्या भारतात विरळ आहेत. चाळणीची साधने आली, उपचाराची परीक्षा मागे राहिली. हा दोष उपचारक्रम विकणाऱ्यांचा नाही. तो देशाच्या संशोधन व्यवस्थेचा आहे, आणि विज्ञानप्रेमींचा संताप तिकडेही वळायला हवा.

अशी परीक्षा भारतात होऊच शकत नाही, हे मात्र कोणी सांगू नये. विषय थोडा वेगळा असला, तरी गोव्याचे उदाहरण समोर आहे. स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी ब्रिटनमध्ये तयार झालेला एक क्रम गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आशियासाठी बदलून घेतला. दोन्ही ठिकाणची मिळून ६५ मुले, चिठ्ठीने पडलेले दोन गट, सहा महिन्यांत बारा सत्रे, आणि सत्रे घेणारे तज्ज्ञ नव्हेत, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते. निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. पालक मुलाच्या कलाने अधिक संवाद साधू लागले, मुले स्वतःहून संवादाला सुरुवात अधिक करू लागली. पण दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र अपेक्षेच्या उलट घटला. संशोधकांनी तेही छापले. घरी करायचा उपचार, पालकांच्याच हातून, मर्यादित पैशांत. आणि तरीही तुलनागट आहे, नकोसा वाटणारा आकडाही आहे. घर ही उपचाराची जागा असणे यात गैर काही नाही. तिथे काय पाठवले जाते, ते आधी कोणी तपासले, एवढाच प्रश्न आहे.

पालकांनी विक्रेत्याला विचारावे असे फार नाही. तुलनागट होता का? त्या गटाला तेवढाच वेळ, तेवढेच लक्ष मिळाले का? मोजले काय : तोल की वाचन? मोजणाऱ्याला कोणते मूल कोणत्या गटातले हे ठाऊक होते का? अभ्यासाचा खर्च कोणी केला? आणि शेवटचा, बहुतेकांना अडचणीत आणणारा : वही पूर्ण भरूनही ज्यांची मुले सुधारली नाहीत, ती किती?

कायदाही अगदी निःशस्त्र नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणे हा गुन्हा आहे. वर्षभरापर्यंतचा कारावास किंवा हजार रुपयांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! एका सत्राच्या शुल्कातही हा दंड भरून निघावा. अधिक उपयोगी ठरतील ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे. मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींत बुद्धी वाढवण्याचा दावा पुरेशा वैज्ञानिक पुराव्याशिवाय करता येत नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. शिकवणी वर्गांच्या फुगवलेल्या निकालांवर याच प्राधिकरणाने दंड ठोठावले आहेत. ‘मेंदू सक्रिय’ करणाऱ्यांकडेही त्याचे लक्ष जायला हरकत नाही. राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक १९१५ आहे. तक्रारीसोबत द्यायचे ते माहितीपत्रक आणि पैसे भरल्याची पावती. व्यायामाची वही घरीच राहू द्यावी.