सायकलवर की सायकल घेऊन?

आपल्या लोकांचा सोप्या गोष्टींवर फारसा विश्वास नाही. औषध कडू असेल तरच ते गुणकारी, गणित रडवील तेच खरे गणित, आणि ज्या मास्तरांचा तास सहज समजतो ते मास्तर विद्वान असतील की नाही, याची आपल्याला शंका असते. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. त्यामुळे या शंकेशी माझा जुना परिचय आहे. पण हा अविश्वास सायकलीच्या गिअरपर्यंत जाऊन पोहोचला आहे, हे मात्र मला या वर्षीच कळले.

त्याचे असे झाले. आमची धाकटी दहा वर्षांची. तिच्या आतेभावाला लहान झालेली सायकल या उन्हाळ्यात वारसाहक्काने तिच्याकडे आली. चोवीस इंची चाके, खाली वळलेले रेसरचे हँडल, मागे सात गिअर. सपाट रस्त्यावर ही स्वारी अशी निघते की पाहत राहावे! परंतु पुण्यात राहायचे म्हणजे चढ चुकत नाही. साताऱ्याकडे निघालात तर कात्रज, सासवडकडे निघालात तर दिवेघाट, आणि कुठेच निघाला नाहीत तरी गच्चीवरून सिंहगड दिसतोच. दर रविवारी पहाटे ती आपल्या वडिलांबरोबर कात्रजच्या जुन्या घाटाला जाऊ लागली, आणि दर रविवारी तिसऱ्या वळणावर उतरू लागली. महिन्याभराने तिने जेवताना जाहीर केले, “मला चढ येत नाही.”

मराठीतले ‘येणे’ हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. पोहता येते, वाचता येते, गणित येते. पण एकदा का त्याला नकार लागला की तो सहसा सुटत नाही. माझ्या वर्गात अठरा वर्षांची मुले येतात आणि पहिल्याच दिवशी सांगतात, “बाई, मला व्याकरण येत नाही.” त्यांनी हे वाक्य अठराव्या वर्षी तयार केलेले नसते. ते दहाव्या वर्षी कधीतरी, कोणत्या तरी तिसऱ्या वळणावर तयार झालेले असते. म्हणून धाकटीचे ते वाक्य ऐकून मी पोळी तशीच ठेवली आणि सायकलीकडे गेले. मुलीची तपासणी करण्याआधी यंत्राची करावी, एवढाच माझा विचार होता.

तपासणीला खडू आणि मोजपट्टी यांपलीकडे काही लागत नाही. पुढच्या चेनव्हीलचे दाते मोजावेत, मागच्या फ्रीव्हीलवरच्या सर्वात मोठ्या चक्राचे मोजावेत, आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागावे. आलेल्या भागाकाराला चाकाच्या घेराने गुणले की पायडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल किती पुढे जाते ते कळते. आमच्या सायकलीला पुढे ४२ दाते, मागे मोठ्यात मोठे चक्र २८ दात्यांचे, आणि चाकाचा घेर १.८ मीटर. म्हणजे सर्वात हलक्या गिअरमध्येही एका फेरीला २.७ मीटर! आता आज दुकानात मिळणाऱ्या मोठ्या माणसांच्या रोड बाइक पाहा. त्यांतल्या कितीतरी सायकलींना पुढचे लहान चक्र ३४ दात्यांचे आणि मागचे मोठेही ३४ दात्यांचे असते. घेर सुमारे २.१ मीटर. म्हणजे एका फेरीला २.१ मीटर. थोडक्यात, दाढी-मिशा असलेल्या गृहस्थांना घाटात जी सवलत आहे, ती आमच्या दहा वर्षांच्या मुलीला नव्हती.

त्यात वजनाचा मुद्दा निराळाच. धाकटीचे वजन ३२ किलो आणि सायकलीचे ९. स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून अधिक ओझे ती वर नेत होती. तेच प्रमाण सत्तर किलोंच्या माणसाला लावले तर त्याची सायकल जवळजवळ वीस किलोंची होईल. तसली सायकल घेऊन ते गृहस्थ तिसऱ्या वळणापर्यंत तरी पोहोचतील काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता पायांचा हिशेब. त्या चढावर तिचा वेग ताशी ९ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला १५० मीटर. फेरीला २.७ मीटर या दराने तिचे पाय मिनिटाला जेमतेम ५५ वेळा फिरणार. वळणावर चढ तीव्र झाला की ते चाळिसावर येणार. पाय जितके सावकाश फिरतील तितका प्रत्येक फेरीत जोर अधिक लावावा लागतो, आणि तो सारा गुडघ्यांवर व मांड्यांवर येतो. फेरीचे अंतर २.२ मीटरांवर आणले तर त्याच वेगाला ६८ फेऱ्या होतात. काम तेवढेच, डोंगर तेवढाच. फक्त घास लहान होतो. लहान तोंडाला लहान घास द्यावा, हे आपण जेवणाच्या ताटावर मान्य करतो. रस्त्यावर मात्र ते आपल्याला लाड वाटतात.

लाडांचा हा आरोप आमच्या घरात माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी केला.

“सगळं सोपं करून दिलंस, तर पोरगी चढायला शिकेल कशी?” ते म्हणाले. “आम्हाला कुठे होते गिअर? चौसष्ट साली मी कात्रजचा घाट सायकल घेऊन चढलोय!”

“नाना,” मी विचारले, “सायकलवर की सायकल घेऊन?”

नाना थोडा वेळ चहाच्या कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “घेऊन.” आणि पुन्हा थोड्या वेळाने, “तुला मराठी घेऊन एम. ए. करू द्यायला नको होतं.”

नानांची ती काळी सायकल अजून आमच्या जिन्याखाली आहे. पुढे ४४ दाते, मागे १८, आणि चाकाचा घेर २.२ मीटर. एका फेरीला पाच मीटरांहून अधिक! त्या पिढीच्या काटकपणाबद्दल मला आदर आहे. परंतु तिने घाट बहुतांशी पायी चढला आणि पुढे आठवणीत तो सायकलवरून चढला, हेही खरे.

अर्थात, हा वाद काही आमच्याच घरात प्रथम झालेला नाही. फ्रान्समध्ये १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू झाली. तिचे जनक आंरी देग्रांज यांनी त्याच्या आदल्याच वर्षी लिहून ठेवले होते की, बदलते गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्या माणसांची सोय आहे. (मी त्या उंबरठ्यावर उभी असल्याने हे वाक्य मला विशेष लागले.) परिणाम असा की, कित्येक वर्षे त्या शर्यतीतले वीर डोंगराच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवीत आणि मग चढू लागत, कारण चाकाच्या दोन बाजूंना कमी-अधिक दात्यांची चक्रे असत. गिअर बदलणाऱ्या डिरेल्यूरला त्या शर्यतीत परवानगी मिळाली ती १९३७ साली. त्या वर्षी रोजे लापेबी जिंकला. आल्प्स पर्वत त्यामुळे बुटका झाला नाही, आणि शर्यतपटूही आळशी झाले नाहीत.

सायकलच्या दुकानात मिस्त्रींनी प्रथम जो उपाय सुचविला तो मागच्या फ्रीव्हीलचा होता. २८ऐवजी ३४ दात्यांपर्यंतचे सात चक्रांचे फ्रीव्हील सहज मिळते. किंमतही फार नाही. पण त्याचे दाते मोजा : १४, १६, १८, २०, २२, २४ आणि मग एकदम ३४. पाच पायऱ्या बेताच्या आणि शेवटी एक उडी! चढाच्या मध्यावर ती उडी घेताना मुलाचे पाय एकाएकी हवेत फिरल्यासारखे होतात. शिवाय साखळी लांब करावी लागते, आणि डिरेल्यूरला तेवढे मोठे चक्र पेलते की नाही, हेही पाहावे लागते. आखूड पिंजऱ्याचे डिरेल्यूर पुष्कळदा २८-३० दात्यांपलीकडे जात नाही.

दुसरा उपाय पुढचे चेनव्हील लहान करण्याचा. ४२ऐवजी ३४ दाते लावले तर मागचे २८चे चक्र तसेच ठेवूनही फेरी २.२ मीटरांवर येते. म्हणजे मागचे ३४ लावून जे साधते तेच, आणि पायऱ्या जशाच्या तशा. साखळीच्या चारेक कड्या तेवढ्या कमी कराव्या लागतात. मात्र क्रँक पाहून घ्यावा. चक्र पाच बोल्टांनी बसवलेले असेल आणि त्या बोल्टांचे वर्तुळ ११० मिलिमीटरचे असेल, तर ३४ दात्यांचे चक्र बसते. ते १३० मिलिमीटरचे असेल, तर ३८च्या खाली जाता येत नाही. आमचे चक्र रिव्हेटने कायमचे ठोकलेले निघाले. त्यामुळे क्रँकच बदलला, आणि त्या निमित्ताने १७०ऐवजी १५२ मिलिमीटर लांबीचा, तिच्या पायांना शोभेसा आला.

“पण बाई,” मिस्त्री म्हणाले, “उतारावर स्पीड कमी होणार हं.”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. सर्वात जड गिअर ५.४ मीटरांवरून ४.४ मीटरांच्या खाली आला. तरी मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर सपाटीवर ताशी २१ किलोमीटर होतात. दहा वर्षांच्या मुलीला ते पुरे. उतारावर तिने पायडल मारू नये, ब्रेकवर बोटे ठेवावीत, अशीच माझी इच्छा आहे. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने कनिष्ठ गटाच्या शर्यतींत कित्येक वर्षे मर्यादा ठेवली होती ती जड गिअरवर, फेरीला ७.९३ मीटर अशी. ती २०२३ साली उठली. मुलांचा गिअर फार हलका झाला, अशी तक्रार मात्र मी कोणत्याही नियमात वाचलेली नाही.

नव्या दात्यांनिशी ती कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत गेली, तेव्हा पूर्वीपेक्षा फक्त पाच मिनिटे कमी लागली. पाच मिनिटांसाठी एवढा खटाटोप, असे कोणी म्हणेल. पण ती उतरली नाही. आणि वर पोहोचल्यावर तिला बोलता येत होते, याची साक्ष तिचे वडील देतात. त्यांना मात्र बोलता येत नव्हते. ‘चढ येत नाही’ हे वाक्य त्यानंतर आमच्या घरात ऐकू आले नाही. ‘तो चढ जड आहे’ असे ती म्हणते. या दोन वाक्यांत कर्ता बदललेला आहे, एवढे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

दिवाळीच्या सुटीत मुलांच्या सायकली बाहेर निघतील. फराळ झाल्यावर अंगणात खडूची एक रेघ ओढा, सर्वात हलका गिअर लावा, पायडल एकदा पुरते फिरवा आणि अंतर मोजा. दोन मीटरांच्या आसपास आले तर उत्तम. अडीचच्या पुढे गेले आणि तुमच्या गावात घाट असेल, तर मुलाला काही बोलण्याआधी सायकलवाल्याशी बोला. घरातल्या आजोबांनी हरकत घेतलीच, तर त्यांना दाते मोजायला बसवा. आमच्या नानांनी चष्मा पुसून दोनदा मोजले. दोन्ही वेळा चौतीसच भरले.