परत बोलवायचं, पण कोणी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शिबिरात एक सरपंचताई म्हणाल्या, "ताई, माझ्यावर अविश्वास आणलाय. पण माझं चुकलं काय, ते कोणीच सांगत नाही." बिलावर न वाचता सही करायला त्यांनी नकार दिला होता. त्याच शिबिरात दुसऱ्या गावची एकजण उठली. "आमची सरपंचीण शिक्के नवऱ्याच्या हातात देऊन बसलीय. तिला पाच वर्षं आम्ही सोसायचं का?"

दोघींचंही म्हणणं खरं आहे. म्हणूनच निवडून दिलेल्यांना परत बोलावण्याच्या मागणीवर नुसतं हो किंवा नाही म्हणून आपली सुटका होत नाही.

आमदार-खासदारांना असं परत बोलावता येत नाही. हे नियम आले ते खाली, जिथे बायका कुठे आत्ता पोचल्या आहेत. हरियाणात २०२० साली एकाच दुरुस्ती कायद्याने पंचायतीत बायकांना ५० टक्के जागा दिल्या आणि परत बोलावण्याचा अधिकारही आणला.

आपल्याकडे थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. नंतर तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव केला, की ग्रामसभेत गुप्त मतदान होतं. नियम वाईट नाही. पण सदस्यांच्या सभेत हात मोजतात, आरोप तपासत नाहीत. गैरवर्तन असेल तर कलम ३९ खाली रीतसर चौकशी करून काढण्याची वाट आहेच. ती लांबची, म्हणून ही जवळची धरली जाते.

हेतू काय असतो, हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ओळखलं. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचबाईंना अतिक्रमणाच्या आरोपावरून अपात्र ठरवलं होतं. न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचलं नाही, असं नोंदवलं.

तरीही परत बोलावण्याचा अधिकार नको, असं मी म्हणणार नाही. बाई आहे म्हणून तिला जाब विचारायचा नाही, हा आपला स्त्रीवाद नव्हे. पण जाब मतदारांनी विचारावा, चार पुढाऱ्यांनी नव्हे. आरोप लेखी असावेत आणि ते ग्रामसभेत वाचले जावेत. तिला बोलायला वेळ मिळावा. मतदानाआधी महिलांची सभा व्हावी. आणि मतदान मजुरीच्या वेळेत नको, नाहीतर निम्मं गाव शेतात आणि निकाल पारावर!

मैत्रिणींनो, नोटीस मिळाली की तहसीलदार सात दिवसांत सदस्यांची सभा बोलावतात. आपल्याला कळतं तोवर ती होऊनही जाते. तेव्हा आपल्या तालुक्यात अशी नोटीस निघाली, तर सभेची वाट न बघता त्याच दिवशी गावात जा. आधी बायकांना विचारा, खुर्ची कोणाला हवी आहे आणि कशासाठी.