विश्लेषण : गावच्या भजनी मंडळाला, तारपा पथकाला सरकारी अनुदान कसे मिळते? अर्ज कुठे अडतो?

पालघर तालुक्यातील मुरबे हे मच्छीमारांचे गाव सध्या प्रस्तावित बंदरामुळे चर्चेत आहे. बंदराच्या चर्चेत मासेमारीचा प्रश्न येतो, पण त्या जीवनाशी जोडलेल्या गाण्यांचा, वाद्यांचा विषय मागे राहतो. भजन, लग्नातील धवळे, नारळी पौर्णिमेची कोळीगीते, जव्हार-डहाणूकडचा तारपा ही पालघर जिल्ह्याची कला सामूहिक आहे. ती जपण्यासाठी सरकारी योजना आहेत. मात्र बहुतेक योजनांचा पैसा नोंदणी, हिशेब आणि बँक खाते असलेल्या संस्थेला मिळतो. नेमकी तिथेच गावातील मंडळे मागे पडतात.

राज्य सरकारकडून काय मिळते?

अगदी अलीकडचे उदाहरण भजनी मंडळांचे आहे. गणेशोत्सवाला ‘महाराष्ट्र राज्य उत्सव’ जाहीर केल्यानंतर २०२५ मध्ये राज्य सरकारने १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपयांचे भांडवली अनुदान देण्याचे ठरवले. हार्मोनियम, मृदंग, पखवाज, वीणा, टाळ असे साहित्य घेण्यासाठी ही रक्कम होती. एकूण खर्च साडेचार कोटी रुपये.

आकडा मोठा वाटतो. पण राज्यात २७ हजारांहून अधिक ग्रामपंचायती आहेत. म्हणजे साधारण १५ ग्रामपंचायतींमागे एका मंडळाला लाभ. ३६ जिल्ह्यांत समान वाटणी धरली, तर आठ तालुक्यांच्या पालघरच्या वाट्याला ५० मंडळे येतात.

दुसरा मुद्दा मुदतीचा. ऑनलाइन अर्ज २३ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर या काळात मागवण्यात आले. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. भजनी मंडळे घरोघरी आरत्या-भजनांत गुंतलेली असतात, त्याच दिवसांत कागदपत्रे स्कॅन करून भरायची होती. ज्यांच्या फायली आधीच तयार होत्या, त्यांनाच हे सोपे गेले असणार.

केंद्राच्या योजना कोणत्या?

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या ‘कला संस्कृती विकास योजने’त अनेक उपयोजना आहेत. महोत्सव, नाटक, कार्यशाळा, चर्चासत्र अशा उपक्रमांसाठी ‘सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती अनुदान’ दिले जाते. त्याची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे ५ लाख आणि अपवादात्मक स्थितीत २० लाख रुपये आहे. अर्ज तज्ज्ञ समितीपुढे जातो. प्रकल्प खर्चाचा काही वाटा संस्थेला स्वतः उभा करावा लागतो.

लुप्त होत चाललेल्या कलांसाठी क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांची गुरू-शिष्य परंपरा योजना आहे. यात गुरूला दरमहा ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० रुपये मिळतात. महाराष्ट्रासाठी उदयपूरचे पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र हे यातील एक केंद्र आहे. तारपा शिकवणारा एक जाणकार आणि शिकणारी चार मुले असतील, तर महोत्सवाच्या मोठ्या अनुदानापेक्षा ही वाट अधिक जवळची ठरू शकते.

अर्ज नेमका कुठे अडतो?

पहिला अडथळा नोंदणीचा. अनेक गणेशोत्सव मंडळांकडे धर्मादाय कार्यालयाची ‘४१ क’ खालील परवानगी असते. ती ठरावीक काळात वर्गणी गोळा करण्याची परवानगी आहे, संस्थेची नोंदणी नव्हे. नोंदणीसाठी किमान सात सदस्य, घटना आणि नियमावली लागते. सोसायटी नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० या दोन्हींखाली नोंद होते.

दुसरा अडथळा जुन्या नोंदणीचा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही, तर निधन झालेले अध्यक्षच कागदावर अध्यक्ष राहतात. मग अर्जावर आणि बँकेत कोणाची सही चालणार, हा प्रश्न उभा राहतो.

तिसरा अडथळा काळाचा. केंद्राच्या अनुदानासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी आणि कार्यरत असावी लागते. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवर नोंदही हवी. म्हणजे आज नोंदणी केलेले मंडळ लगेच पात्र ठरत नाही.

पैसे मिळाल्यानंतर काय?

अनुदान ज्या कामासाठी मिळाले, त्याच कामासाठी खर्च झाले हे सिद्ध करावे लागते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत विनियोग प्रमाणपत्र द्यायचे असते. ते थकले तर पुढचे अनुदान अडकते.

गावातील व्यवहार मात्र रोखीचे असतात. तबल्याला पुडी बसवणारा, मांडववाला, टेम्पोवाला यांच्याकडे पक्के बिल नसते. म्हणून कार्यक्रमानंतर बिले शोधण्यापेक्षा प्रत्येक देणे बँकेतून करणे आणि पावती त्याच दिवशी घेणे हिताचे.

तारापूरच्या कंपन्यांचा सीएसआर निधी मिळू शकतो का?

कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृतीचे जतन आणि पारंपरिक कलांचा विकास यांचा समावेश आहे. स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. बोईसर-तारापूर पट्ट्यासाठी ही जमेची बाजू. पण कंपनीबाहेरच्या संस्थेला हे काम द्यायचे, तर तिच्याकडे १२ अ व ८० जी नोंदणी, तीन वर्षांच्या कामाचा अनुभव आणि सीएसआर-१ अर्जाची नोंद हवी.

शिवाय ज्या प्रकल्पावरून गावात मतभेद आहेत, तो राबवणाऱ्या कंपनीच्या पैशातून उत्सव करायचा का, हा प्रश्न येतोच. तो दोन-तीन पदाधिकाऱ्यांनी न ठरवता मंडळाच्या सभेत ठराव करून मिटवला, तर पुढचे वाद टळतात.

एकट्या कलावंताचे काय?

जव्हारचे ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. असा सन्मान व्यक्तीला मिळतो, पथक उभे करण्याचा खर्च त्यातून भागत नाही. ५० वर्षांवरील कलावंतांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. त्यात एप्रिल २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये मिळतात. यासाठी संस्था लागत नाही, पण कलेतील कामाचे पुरावे लागतात. कार्यक्रमपत्रिका, कात्रणे, छायाचित्रे जपून ठेवलेली नसतील, तर आयुष्यभर गायलेल्या माणसालाही आपण कलावंत असल्याचे सिद्ध करणे अवघड जाते.

तयारी कधी सुरू करावी?

जाहिरात येण्याची वाट पाहू नये. नोंदणी, बदल अर्ज, मंडळाच्या नावाचे बँक खाते, तीन वर्षांचे लेखापरीक्षण आणि कार्यक्रमांचे तारीखवार पुरावे या पाच गोष्टी आधी लागतात. गावात शिकलेली मुले आहेत, त्यांच्या हातात मोबाइल आहे. ज्येष्ठ गातात तोवर एकाने त्यांचे गाणे रेकॉर्ड करावे, दुसऱ्याने मंडळाची फाइल लावावी. अर्जाची खिडकी पंधरा दिवसच उघडी राहते, तिच्यासाठी लागणारी कागदपत्रे मात्र तीन वर्षांत तयार होतात.